आमदारसाहेबांकडे नेमकं काय मागायचं?

मागच्या अंकात आपण म्हटलं होतं की आमदारांच्या कामाबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा. खूप पत्रं आली, त्यातली बरीचशी रस्त्याचीच. सगळी इथे बसणार नाहीत, त्यामुळे पाच निवडली.

नमस्कार ताई, आमच्या गावापासून फाट्यापर्यंत ३ किलोमीटर रस्ता आहे, पूर्ण उखडलाय, पावसाळ्यात एसटी यायची बंद होते. आमदारांना निवेदन दिलं, त्यांनी लगेच शिफारस पत्र पण दिलं. ते घेऊन बांधकाम खात्यात गेलो तर म्हणाले हा रस्ता आमच्याकडे नाहीच. आता कुठे जायचं? (एक वाचक, लातूर जिल्हा)

दादा, तुमचं पत्र चुकीच्या टेबलावर गेलंय. आपल्याकडे रस्त्याला मालक असतो. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग हे जिल्हा परिषदेकडे, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग हे सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. प्रत्येकाला नंबर असतो, ग्रामीण मार्ग अमुक, इजिमा (म्हणजे इतर जिल्हा मार्ग) तमुक असा. तो नंबर ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (म्हणजे आधीच्या ग्रामसेवकाकडे) किंवा जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागात मिळतो, आधी तो काढा. तुमच्या निवेदनात "आमच्या गावचा रस्ता खराब आहे, तरी दुरुस्त करावा" एवढंच असेल तर पीए त्यावर तसंच पत्र टाइप करून देणार, त्याच्याकडे तरी दुसरं काय असतं? त्याऐवजी रस्त्याचा नंबर, कुठून कुठपर्यंत, लांबी किती, शेवटचं डांबरीकरण कधी झालं, रोज किती पोरं त्या रस्त्याने शाळेला जातात, एसटी कुठल्या महिन्यात बंद होते, हे एका पानात लिहा आणि ग्रामसभेचा ठराव जोडा. ठराव जोडलेलं निवेदन कोणी सहज बाजूला सारत नाही, हे मी कित्येक ठिकाणी पाहिलंय.

आता पैशाचं. लोकांना वाटतं आमदार निधी म्हणजे आमदारांच्या हातातली थैली. तसं नाहीये. वर्षाला ५ कोटी, २०२२ च्या बजेटमध्ये ४ चे ५ झाले, आणि ते पैसे आमदारांच्या खात्यावर येतच नाहीत. ते काम सुचवतात, मग अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता सगळं होऊन पैसा जिल्हाधिकारी कार्यालयातून सुटतो. तुमच्या मतदारसंघात शंभरेक गावं धरली तर गावामागे येतात ५ लाख. त्यात ३ किलोमीटर डांबरी रस्ता होत नाही हो! म्हणून आमदार निधी मागूच नका, "साहेब, हे काम पंचवीस-पंधराला किंवा मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेला धरा, नाहीतर जिल्हा नियोजनमधून घ्या" असं मागा. पंचवीस-पंधरा म्हणजे ग्रामविकास खात्याचं २५१५ हे लेखाशीर्ष, म्हणजे बजेटमधलं खर्चाचं खातं, गावातल्या मूलभूत सुविधांची कामं त्यातून होतात आणि तिथे आमदारांच्या पाठपुराव्याला वजन असतं. जिल्हा नियोजन समिती पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली बसते, तिच्या बैठकीलाही आमदार असतात. बैठक कधी आहे ते विचारून त्याच्या आधी जा, झाल्यावर जाऊन काही होत नाही.

आमच्या गल्लीतलं गटार तुंबलं तरी आम्ही आमदारांनाच फोन करतो. माझे मिस्टर म्हणतात हे त्यांचं काम नाही. खरं काय? (वाचक भगिनी, नाशिक)

मिस्टरांचं बरोबर आहे ताई, गटार, कचरा, दिवाबत्ती ही महापालिकेची कामं. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली ती शहराचा कारभार शहरानेच बघावा म्हणूनच. पण तुमचंही चूक नाही म्हणणार. २०२२ च्या आसपास राज्यातल्या बहुतेक महापालिका, जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका लांबत गेल्या आणि वर्षानुवर्षं प्रशासकच बसला. नगरसेवकच नाही म्हटल्यावर माणूस जाणार कुठे, साहजिकच आमदारांच्या संपर्क कार्यालयात गर्दी. त्यातून सवय लागली ती लागलीच. फक्त एक लक्षात घ्या, आमदार दिवसभर गटाराचे फोन घेत बसले तर शहराची पाणी योजना मंत्रालयात कुठे अडलीय ते बघायला वेळ कुठून आणणार? गटारासाठी वॉर्ड ऑफिसला तक्रार करा, नंबर घ्या. त्याच गटाराची तक्रार दरवर्षी करावी लागत असेल तर मात्र ते सगळे नंबर घेऊन आमदारांकडे जरूर जा, कारण मग प्रश्न एका गटाराचा राहत नाही, सगळ्या ड्रेनेज लाइनचा आणि राज्य सरकारच्या पैशाचा होतो.

आमच्या भागातल्या नदीत कारखान्याचं पाणी सोडतात, मासे मरतात. आमदारांनी विधानसभेत प्रश्न विचारला, आम्हाला खूप आशा होती. छापील उत्तर आलं "हे अंशतः खरे आहे". मग एवढं करून उपयोग काय झाला? (एक वाचक, कोल्हापूर जिल्हा)

उपयोग झालाय, फक्त तो अर्ध्यावर आहे. हे जरा सविस्तर सांगते, कारण आमदारांची खरी ताकद मला विचाराल तर याच कागदात आहे, आणि आपण मतदार तिकडे ढुंकूनही बघत नाही.

तारांकित प्रश्नाची, म्हणजे ज्याला सभागृहात तोंडी उत्तर मागितलेलं असतं त्या प्रश्नाची, यादी एकदा हातात घेऊन बघा. सगळे प्रश्न एकाच घडणीचे असतात. अमुक ठिकाणी अमुक झालं "हे खरे आहे काय", मग "असल्यास, चौकशी केली आहे काय", आणि शेवटी "नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत". शेजारी मंत्र्यांचं उत्तर. कधी "होय", कधी "हे खरे नाही", कधी "प्रश्न उद्भवत नाही", आणि बऱ्याचदा तुमच्यासारखं "अंशतः खरे". पण हे उत्तर मंत्री मनाने लिहीत नाहीत. सरकारी ऑफिसात अशा प्रश्नाला एलएक्यू म्हणतात, म्हणजे लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन. एलएक्यू आला की मंत्रालयातल्या डेस्कवरून खाली जिल्ह्यापर्यंत माहिती मागवली जाते, ठरावीक तारखेच्या आत. एरवी जो साहेब सहा महिने नदीवर फिरकत नाही तो त्या आठवड्यात पाण्याचा नमुना घेऊन जातो. म्हणजे आता कुठल्यातरी फायलीत तुमच्या नदीचा अहवाल पडलेला आहे. "अंशतः खरे" याचा अर्थ सरकारने त्यातलं काहीतरी कबूल केलंय, ते नेमकं काय ते माहिती अधिकारात मागा, अहवालाची प्रत मागा, नमुना कुठल्या दिवशी आणि कुठल्या ठिकाणी घेतला ते विचारा. नमुना कारखान्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे घाण पाणी मिसळायच्या आधीच, घेतला असेल तर तिथेच मुद्दा सापडला!

ती प्रत घेऊन परत आमदारांकडे जा. आता लक्षवेधी लावता येते, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना, विधानसभेच्या नियम १०५ ची. लक्षवेधीला मंत्र्यांना सभागृहात उभं राहून बोलावं लागतं आणि उपप्रश्न येतात, आणि उत्तर देता देता मंत्री "महिनाभरात कारवाई करू" म्हणाले की ते आश्वासन रेकॉर्डवर गेलं. विधिमंडळाची आश्वासन समिती असते, सभागृहात दिलेली आश्वासनं पाळली की नाही ते बघायलाच ती आहे. हे आमदारांना माहीत असतं, पण मागे लागणारं कोणी नसेल तर प्रश्न विचारला एवढ्यावरच फाइल बंद होते, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटोसकट बातमी येते आणि संपलं. तुम्ही मागे लागा. अधिवेशनं तीनच, अर्थसंकल्पीय आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपूरला, आणि प्रश्न अधिवेशनाच्या बरेच आधी द्यावे लागतात, त्यामुळे अधिवेशन सुरू झाल्यावर पळापळ करू नका.

आमचे आमदार प्रत्येक लग्नाला, दहाव्याला, गणपतीच्या आरतीला हजर असतात. माणूस खूप चांगला. पण विधानसभेत तोंड उघडलेलं कधी ऐकलं नाही. अशा माणसाला चांगला आमदार म्हणायचं का? (एक तरुण वाचक, पुणे जिल्हा)

तुझा प्रश्न मला फार आवडला. दहाव्याला येणाऱ्या आमदाराला मी नावं ठेवणार नाही. घरात कर्ता माणूस गेलेला असतो, पुढे वारसाची नोंद, बँक, पेन्शन सगळं असतं, अशा वेळी आमदार घाटावर येऊन दोन मिनिटं टेकले की त्या घराला पुढचं विचारायला एक माणूस मिळतो. गावकीत हे लागतं. पण तेवढ्यावर थांबणं मला पटत नाही.

सांगोल्याचे गणपतराव देशमुख बघ. १९६२ ला पहिल्यांदा निवडून आले आणि एकूण ११ वेळा विधानसभेत गेले, सगळा तालुका त्यांना आबा म्हणायचा, एसटीने फिरायचे. लोकांमध्ये त्यांच्याइतका मिसळलेला माणूस कोण होता? आणि तरी दुष्काळी भागाला पाणी मिळावं म्हणून ते सभागृहात बोलत राहिले, आणि बाहेर पाणी परिषदेच्या लढ्यातही होते. गोरेगावच्या मृणालताई गोरे घे, पाण्यासाठी मोर्चे काढून काढून लोक त्यांना पाणीवाली बाई म्हणायला लागले, आणि याच मृणालताई १९७२ मध्ये विधानसभेत गेल्या. किंवा वि. स. पागे, विधान परिषदेचे सभापती. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात रोजगार हमीचा प्रयोग त्यांनी करून बघितला, राज्याने ती योजना उचलली, १९७७ मध्ये कायदा केला, आणि पुढे २००५ ला देशाने रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा अनुभव होता तो महाराष्ट्राचाच. एका तालुक्यातल्या मजुराच्या हाताला काम नाही, इथून ते सुरू झालं.

तर तुमच्या आमदारांना तुम्ही चारपाच पोरं जाऊन भेटा, ते आरतीला येतात तेव्हाच वेळ मागा. मागच्या अधिवेशनात आपल्या तालुक्याचे कुठले प्रश्न दिले ते विचारा. विधिमंडळाच्या वेबसाइटवर प्रश्नोत्तरं असतात, आधी वाचून जा. दिलेच नसतील तर दोन विषय तुम्हीच माहितीसकट तयार करून द्या. माणूस चांगला आहे म्हणतोस ना, मग ऐकेल की.

आमच्या बचत गटाला बैठकीसाठी जागा नाही, देवळाच्या ओट्यावर बसतो. आमदार निधीतून सामाजिक सभागृह मिळेल का? (बचत गटातल्या महिला, बीड जिल्हा)

मागता येतं, आणि ५ लाख, १० लाखात बसणारं काम असल्यामुळे इथे आमदार निधीच मागा. जागा सार्वजनिक हवी, कुणाच्या खाजगी नावावरची चालत नाही, म्हणून ग्रामपंचायतीकडून नमुना ८ चा, म्हणजे मालमत्तेच्या नोंदीचा, उतारा आणि ठराव आधी घ्या. अंदाजपत्रक होतानाच संडास, पाण्याची टाकी आणि लाइटचं मीटर त्यात धरायला लावा, मागून कोणी देत नाही. आणि ठरावात एक ओळ नक्की घाला की सभागृहाची एक चावी बचत गटाकडे राहील आणि बैठकीचा दिवस राखीव असेल. कितीतरी सभागृहांना लोकार्पणानंतर कुलूप लागतं, आत सिमेंटच्या गोण्या नि मंडपाचं सामान पडतं आणि बायका परत ओट्यावरच. तुमच्याकडे तसं व्हायला नको.