एवढे कॅमेरे आणि रिप्ले असूनही अमेरिकन फुटबॉलचे चाहते रेफरींच्या निर्णयांवर वर्षानुवर्षं का भांडतात?

तुम्ही क्रिकेटचा दाखला दिलाय. डीआरएस आल्यावर आपल्याकडची अंपायरच्या नावाने होणारी बोंबाबोंब बरीच कमी झाली, मग एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मुख्य लीगमध्ये, न्यूयॉर्कात बसून रिप्ले तपासणारी माणसं असूनही लोक वीस वर्षांपूर्वीचे निर्णय का उकरून काढतात, असा तुमचा प्रश्न आहे. अशा एका भांडणाच्या अगदी भिंतीला भिंत लावून मी राहिलोय, म्हणून लिहितो.

२० जानेवारी २०१९. मी तेव्हा लुइझियानात, बॅटन रूजला होतो. न्यू ऑर्लीन्सच्या सुपरडोममध्ये तिथलाच संघ सेंट्स विरुद्ध लॉस एंजेलिस रॅम्स; जो जिंकेल तो सुपर बोलला, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याला जाणार. आमचे शेजारी सत्तरीचे, सेंट्सचे कट्टर भक्त, सामना त्यांच्याकडे. पुण्याहून आलेले माझे सासरेही सोबत होते. त्यांना या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण गंबो, म्हणजे तिथलं दाट कालवण, आवडलं होतं.

२०-२० बरोबरी, पावणेदोन मिनिटं शिल्लक. सेंट्स रॅम्सच्या गोलरेषेपासून १३ यार्डांवर. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, ड्रू ब्रीझने उजवीकडे आपल्या टॉमीली लुइसकडे चेंडू फेकला. चेंडू पोचायच्या आधीच रॅम्सचा निकेल रोबी-कोलमन धावत आला आणि हेल्मेटसकट त्याच्यावर आदळला. याला पास इंटरफिअरन्स म्हणतात. अशा वेळी फाउल दाखवायला रेफरीने पिवळा रुमाल मैदानात फेकायचा असतो. दोन अधिकारी तिथे जवळच होते. रुमाल कोणाच्याच कंबरेचा सुटला नाही.

शेजाऱ्यांनी काय म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही. सासरे मात्र खुर्चीत पुढे सरकून म्हणाले, "जावईबापू, हे तर आपलं सिडनी झालं हो!" त्यांचं सिडनी म्हणजे २००८ची कसोटी. सायमंड्स ३० वर असताना उघड कड लागली, बकनरने नाबाद दिलं, आणि गडी १६२ वर नाबाद राहिला. खेळ न कळणाऱ्या माणसालाही पहिल्या नजरेत दिसलं, यावरून चूक किती ढळढळीत होती ते समजा.

रुमाल पडला असता तर सेंट्सना गोलरेषेजवळ नवे प्रयत्न मिळाले असते, त्यांनी बरंचसं घड्याळ संपवलं असतं आणि अगदी शेवटी सोपा फील्ड गोल (खांबांमधून किक, तीन गुण) मारला असता. प्रत्यक्षात त्यांनी लगेच फील्ड गोल मारून २३-२० केलं, उरलेल्या वेळात रॅम्सनी बरोबरी साधली आणि ओव्हरटाइममध्ये ग्रेग झुएरलाइनने ५७ यार्डांवरून किक मारून २६-२३ने सामना नेला. आपण लवकर पोचलो हे रोबी-कोलमनने नंतर स्वतःच मान्य केलं. ज्या धडकेला मैदानात शिक्षा नव्हती, तिच्यासाठी लीगने त्याला २६,७३९ डॉलर दंडही ठोठावला.

मग जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. राज्याच्या गव्हर्नरने लीगच्या कमिशनरला पत्र लिहिलं. चाहते कोर्टात गेले. एक खटला लुइझियानाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि तिथे निकाली निघाला. सुपर बोलच्या दुसऱ्या दिवशी न्यू ऑर्लीन्सच्या मुख्य दैनिकाने पहिलं पान जवळजवळ कोरं सोडून 'सुपर बोल? कसला सुपर बोल?' एवढंच छापलं.

इतका वेळ तुम्हाला वाटलं असेल की इथे वाद कसला, चूक तर चूक. पण रॅम्सचा चाहता भेटला की तो आधी एक फोटो दाखवतो. त्याच सामन्यात थोडं आधी, रॅम्स गोलरेषेजवळ असताना, त्यांचा क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ चेंडू घेऊन पळाला आणि सेंट्सच्या खेळाडूने त्याच्या हेल्मेटची जाळी पकडली. हाही सरळ फाउल. तोही दिला नाही. दिला असता तर रॅम्सनी बहुधा टचडाउन केलं असतं, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेऊन सहा गुण घेतले असते, २०-२० झालंच नसतं. शिवाय ओव्हरटाइमचा टॉस सेंट्सनी जिंकला होता, आणि ब्रीझनेच चेंडू रॅम्सच्या हातात दिला. त्याआधीही घड्याळ संपवायची गरज असताना त्यांनी पहिल्याच प्रयत्नात पास फेकला, तो पडला आणि घड्याळ थांबलं. सेंट्सवाल्यांसमोर यातलं काहीही काढून बघा. मी एकदा काढलं होतं.

आता कॅमेऱ्यांकडे येतो. त्या वेळी पास इंटरफिअरन्स रिप्लेने तपासण्याची सोयच नव्हती. सगळा देश स्लो मोशनमध्ये बघत होता आणि सेंट्सचा प्रशिक्षक शॉन पेटनला आव्हान देता येत नव्हतं. म्हणून मार्च २०१९ मध्ये संघमालकांनी ३१ विरुद्ध १ मतांनी नियम बदलला: दिलेला किंवा न दिलेला पास इंटरफिअरन्स आता तपासता येईल. सिडनीनंतर काही महिन्यांत डीआरएसची चाचणी झाली, तसंच हे. आमचे शेजारी खूश.

एक हंगाम. बस, एकच हंगाम तो नियम टिकला. पायचीतमध्ये प्रश्न मोजण्याचा असतो: चेंडू कुठे पडला, कुठे लागला, कुठे गेला असता. (तिथेही अंपायर्स कॉलवर आपण भांडतोच.) पास इंटरफिअरन्समध्ये प्रश्न असा की धक्क्यामुळे समोरच्याला चेंडू झेलताना खरोखर अडथळा झाला का. दोघंही धावतायत, दोघांचेही हात एकमेकांवर आहेत. स्लो मोशनमध्ये प्रत्येक स्पर्श गुन्हा वाटतो, पूर्ण वेगात निम्मे दिसतही नाहीत. पडद्यासमोर बसलेल्या माणसालाही शेवटी मतच द्यावं लागतं. मग कधी किरकोळ स्पर्शावर निर्णय फिरायचा, तर कधी धडधडीत दिसणारा तसाच राहायचा. प्रशिक्षक वैतागले, चाहते तर आधीच वैतागलेले.

आणि नशीब बघा. ५ जानेवारी २०२०, पुन्हा तोच सुपरडोम, पुन्हा प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी. ओव्हरटाइममध्ये मिनेसोटा व्हायकिंग्सच्या काइल रुडॉल्फने समोरच्याला हाताने रेटून चेंडू झेलला, टचडाउन, २६-२०, सेंट्स बाहेर. या वेळी नियम होता. न्यूयॉर्कने बघितलं आणि निर्णय तसाच ठेवला. शेजारी त्या दिवशी ओरडलेसुद्धा नाहीत. टीव्ही बंद करून अंगणात पानं गोळा करायला गेले. पुढच्या हंगामाआधी लीगने नियम काढून टाकला.

दुसरी एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. पुष्कळदा रेफरी बरोबर असतो आणि लोक नियमावर चिडलेले असतात. जानेवारी २००२ मध्ये बर्फात ओकलंड रेडर्सच्या चार्ल्स वुडसनने न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीला धडक दिली, चेंडू सुटला, रेडर्सनी उचलला. सामना जवळजवळ खिशात. रेफरी वॉल्ट कोलमनने रिप्ले बघून निर्णय फिरवला, कारण हात एकदा पुढे गेला की चेंडू परत छातीशी घेतानाही तो पासच धरावा असा तेव्हा नियम होता. ब्रेडीचा संघ जिंकला आणि पुढे सुपर बोलही घेऊन गेला. नियम २०१३ मध्ये रद्द झाला. रेडर्सवाल्या सहकाऱ्याला मी म्हटलं, अरे, नियमाप्रमाणे बरोबरच होतं की. तो म्हणाला, म्हणून तर जास्त राग येतो. डॅलसच्या डेझ ब्रायंटचा २०१५चा ग्रीन बेमधला झेलही तसाच: तेव्हाच्या नियमाने झेल नाही, २०१८ मध्ये नियम बदलला. आता डॅलसवाले नव्या नियमाने जुना सामना जिंकतात.

तिसरा प्रकार सगळ्यात अवघड. फेब्रुवारी २०२३, सुपर बोल, ३५-३५, दोनच मिनिटं बाकी. फिलाडेल्फियाच्या जेम्स ब्रॅडबेरीने कॅन्सस सिटीच्या खेळाडूचा शर्ट ओढला, रुमाल पडला, कॅन्सस सिटीने घड्याळ संपवत आणून फील्ड गोल मारला, ३८-३५. शर्ट ओढल्याचं ब्रॅडबेरीने स्वतः कबूल केलं. तरी लोकांचं म्हणणं, सामनाभर एवढ्याशा ओढाओढीकडे काणाडोळा केलात, मग आत्ताच कशाला? यावर कोणता कॅमेरा काय सांगणार? गंमत म्हणजे २०१९ मध्ये रुमाल न टाकल्याची तक्रार होती, इथे टाकल्याची. मला स्वतःला ब्रॅडबेरीचा निर्णय योग्य वाटतो, पण हे मी फिलाडेल्फियात मोठ्याने बोलणार नाही.

मी आता टेक्सासात असतो. दर २० जानेवारीला शेजाऱ्यांकडून तोच सात सेकंदांचा व्हिडिओ येतो, सोबत एक शब्दही नसतो. एका वर्षी मी उत्तरादाखल गॉफच्या हेल्मेटचा फोटो पाठवला होता. महिनाभर त्यांनी फोन उचलला नाही. तेव्हापासून मी नुसता नमस्काराचा इमोजी टाकतो आणि सासऱ्यांना व्हिडिओ पुढे पाठवतो. ते न चुकता लिहितात, "बकनर!"