इलेक्ट्रिकलच्या मुलीनं एआयचा मायनर घ्यावा का?

दिग्रस तालुक्यातल्या एका शेतकरी वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी अमरावतीला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पाचव्या सेमिस्टरपासून तिच्या कॉलेजात जादा क्रेडिटचे दोन पर्याय आहेत: एआय-मशीन लर्निंगचा मायनर किंवा अपारंपरिक ऊर्जेतलं ऑनर्स. मुलीचं मन ऊर्जेकडे आहे. पुण्यात नोकरीला असलेला मावसभाऊ म्हणतो, एआय नसेल तर डिग्रीला कोणी विचारत नाही. जादा फी सोयाबीन विकून भरायची आहे. फॉर्म पुढच्या आठवड्यात द्यायचा आहे.

नमस्कार भाऊ,

आधी मनावरचं एक ओझं उतरवा. यातलं काहीही घेतलं, किंवा काहीच घेतलं नाही, तरी पोरीची मुख्य डिग्री इलेक्ट्रिकलचीच राहते. आपल्याच शाखेत खोल जायचं ते ऑनर्स, दुसऱ्या शाखेची ओळख करून घ्यायची तो मायनर. दोन्हीसाठी नेहमीच्या अभ्यासक्रमावर साधारण 18 ते 20 क्रेडिट जास्तीचे करावे लागतात. थिअरीचा आठवड्याला एक तास म्हणजे एक क्रेडिट, प्रॅक्टिकलचे दोन तास म्हणजे एक. चार सेमिस्टरमध्ये वाटलं तर दर सेमिस्टरला एक जादा विषय, कधी लॅबसकट. म्हणून पहिला प्रश्न असा की तिचा एखादा विषय राहिला आहे का? बॅकलॉग असेल तर यंदा दोन्ही पर्याय सोडा. नोकरी देणाऱ्या बऱ्याच कंपन्या आधी बॅकलॉग आणि टक्केवारीच बघतात.

आता मावसभावाचं म्हणणं. त्याच्या क्षेत्रात त्याला जे दिसतं ते तो सांगतोय, त्याचा हेतू चांगलाच आहे. पण महावितरण, महापारेषण, महानिर्मिती या सरकारी वीज कंपन्यांच्या अभियंता भरतीत इलेक्ट्रिकलच्या जागेला इलेक्ट्रिकलची डिग्री लागते, आणि परीक्षेच्या तांत्रिक भागात इलेक्ट्रिकल मशीन्स, पॉवर सिस्टिम, नेटवर्क असे विषय विचारतात. तिथं एआयचा मायनर उपयोगी पडत नाही. उलट ज्या जागेला कॉम्प्युटरचीच डिग्री मागितली असेल, तिथं मायनरवर अर्ज चालेल असंही धरून चालू नका. आपला विदर्भ तर विजेचाच मुलूख आहे: कोराडी, खापरखेडा, पारसची वीजकेंद्रं, आणि एकट्या चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता 2,920 मेगावॅट. त्यात आता गावोगावी सौर कृषिपंप आणि कृषिवाहिन्यांचे सौर प्रकल्प उभे राहताहेत. ही कामं चालवायला, दुरुस्त करायला, आखायला माणसं लागतात.

तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंय की वावरातला सौरपंप बंद पडला तेव्हा पोरीनं कंट्रोलरवरचा एरर कोड वाचला, पुस्तिका काढली आणि पॅनेलच्या एका जोडणीत दोष आहे हे शोधलं. भाऊ, माझ्या लेखी हे फार मोठं आहे. पॅनेलमधून डीसी वीज येते, कंट्रोलर तिची एसी करून मोटरला देतो आणि ऊन कमी-जास्त होईल तसा मोटरचा वेग बदलतो. पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, मशीन्स, कंट्रोल सिस्टिम हे तिन्ही विषय त्या एका डब्यात आहेत. कुणी न सांगता तिनं त्यात हात घातला. मी तिच्या जागी असतो तर ऊर्जेचं ऑनर्सच घेतलं असतं.

म्हणजे एआय वाईट आहे असं नाही. उद्या किती वीज लागेल, ढग आले तर सौर प्रकल्पातून किती मिळेल, हे अंदाज आता त्याच तंत्रानं काढतात. पण तिथं आकड्यामागची वीज ज्याला कळते त्याला जास्त किंमत आहे. पोरीला म्हणावं, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिक. स्वयम्-एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या मंचावर ते फुकट शिकता येतं, प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी भरावी लागते. पुढं खरंच ओढ वाटली तर वाट बंद नाही. गेट या एम.टेक. प्रवेशाच्या परीक्षेत 2024 पासून डेटा सायन्स आणि एआयचा वेगळा पेपर आहे, तो इलेक्ट्रिकलची मुलंही देऊ शकतात. तिला गणितात संभाव्यता आणि मॅट्रिक्स मनापासून आवडले असते, सुटीत ती प्रोग्राम लिहीत बसली असती, तर मी तुम्हाला मायनर घ्यायला सांगितलं असतं. तुमच्या पत्रावरून तसं दिसत नाही.

फॉर्म देण्याआधी मात्र तिनं एक दिवस कॉलेजात चौकशीला द्यावा. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलींना विचारावं की ऑनर्सचे तास खरंच होतात का, शिकवायला नेहमीचे सर-मॅडम आहेत की अधूनमधून येणारे, सोलर किंवा पॉवर इलेक्ट्रॉनिक्सची लॅब चालू आहे की कुलूपबंद. कॉलेज फक्त एनपीटीईएलचे व्हिडिओ बघायला सांगून मोठी फी घेत असेल, तर सोयाबीनचा पैसा त्यात घालू नका. तेच कोर्स ती घरी बसून करेल. शिष्यवृत्ती विभागात ही जादा फी महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलच्या फी-परताव्यात धरतात का, हे विचारावं आणि उत्तर लेखी मागावं. विद्यापीठाच्या ऑर्डिनन्समध्ये, म्हणजे नियमावलीत, आणखी एक गोष्ट बघावी: मध्येच झेपलं नाही तर ऑनर्स सोडता येतं का, आणि सोडलं तर केलेल्या विषयांचे गुण कुठं दाखवतात.

या चौकशीत लॅब आणि शिक्षक ठीक निघाले तर ऊर्जेच्या ऑनर्सवर खूण करा. नाही निघाले तर फॉर्म कोरा राहू द्या, तो वेळ तिनं गेटच्या अभ्यासाला द्यावा. तिसऱ्या वर्षापासूनच ती परीक्षा देता येते. चौकशीत काय कळलं ते मला कळवा, आणि पुढचं पत्र पोरीलाच लिहू द्या. तिला मशीन्स आवडतात की पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, हे मला तिच्याकडून ऐकायचं आहे. त्यावरून शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचं बोलता येईल.