दुसऱ्या कुणी हातानं शिवलेला कपडा उसवून आपल्या मापाचा करताना त्या माणसाशी नातं जडल्यासारखं वाटतं का?

हो, वाटतं. आणि उसवताना अपराधीपण पण वाटतं, मला दोन्ही झालंय म्हणून लिहितेय.

माझ्या सासूबाईंच्या सासूबाई, त्यांना मी बघितलं नाही, फोटो एकच आहे तो पण लग्नाच्या गर्दीतला. त्यांनी शिवलेलं खणाचं पोलकं आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या घरी ट्रंकेत होतं. जांभळा खण, आत मांजरपाटाचं अस्तर. सासूबाई म्हणतात खण कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा, कुणीतरी ओटीत घातलेला, इथं अंबाबाईची ओटी खण-नारळानं भरतात तशी घरोघरी बायकांची पण भरतात मग त्या खणांची पोलकी व्हायची. नवरात्रात लेकीला ते घालायचं होतं पण छातीत आवळ होत होतं, टेलरकडं द्यायला जीव होईना म्हणून स्वतःच घेऊन बसले.

उलटं केलं तर दोन्ही कुशीत चांगली इंचभर माया, म्हणजे शिलाईच्या आत जादा कापड, सोडलेली! आत्ता रेडिमेडमध्ये पाव इंच मिळाली तरी नशीब. म्हणजे पुढं कुणीतरी हे सैल करणार हे त्यांनी कात्री लावतानाच धरलेलं. माझं अर्धं अपराधीपण तिथंच गेलं. मायेतलं कापड उजेड न लागल्यामुळं गडद जांभळं राहिलंय, बाहेरचं विटलंय, सैल केल्यावर तो पट्टा दिसतो आणि मी तो दिसू दिला.

मग टाके बघत बसले. बारीक, एकसारखे, पण माझ्या हातशिलाईचे टाके ज्या बाजूला कलतात त्याच्या बरोबर उलट कललेले. सासूबाईंना विचारलं, त्या डावखुऱ्या होत्या का? तर त्या बघतच राहिल्या, म्हणाल्या, "व्हय की! जेवताना डावा हात पुढं आला की मारायची म्हणं सगळी, शिवताना कोण बघतंय." घरात इतकी वर्षं हे कुणी बोललं नव्हतं, मला टाक्यांनी सांगितलं.

तुम्ही उसवणार असाल तर आधी उलट्या बाजूचे फोटो काढा. ब्लेड नको, टोकदार बारीक कात्रीनं तीन-चार टाके सोडून एकेक कापा म्हणजे दोरा आपोआप निघतो, ओढलात तर जुनं कापड फाटतं. शिवायला सुती दोरा घ्या, पॉलिस्टरचा जुन्या कापडापेक्षा मजबूत असतो आणि ताण आला की विणीला कापू शकतो.

बाहीची घडी मी उसवलीच नाही. तिथं त्यांचे टाके आहेत, कुशीत माझे, कल उलटा असल्यामुळं कुणाचे कुठले ते लगेच कळतंय. लेकीला दाखवलं तर ती बोट लावून मोजत बसली.