आईने कधी विडी ओढली नाही, तरी सीओपीडी कसा? आणि तो बरा होतो का?

सीओपीडी म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या नळ्या अरुंद होण्याचा जुनाट आजार. विडी न ओढताही होतो, चुलीच्या धुरानेसुद्धा. बरा मात्र होत नाही, आटोक्यात राहतो.

तुमच्या आई 61 वर्षांच्या, घरात कुणाला व्यसन नाही, एवढं लिहिलंत. स्वयंपाक कशावर केला ते नाही लिहिलंत. आमच्या आईने कराडजवळच्या खेड्यात पस्तीस वर्षं चुलीवर केला. शेणी, काटक्या, उसाची चिपाडं. पावसाळ्यात सगळंच ओलं, त्यामुळे फुंकणी सतत तोंडाला. तपासणीला नेलं तेव्हा मशीनवरची मुलगी ओरडत होती, "मावशी, फुंका, फुंका, अजून फुंका!" तिसऱ्या खेपेला आईने नळी बाजूला केली. म्हणाली, "बाई, फुंकून फुंकूनच इथं आले." एका दमात जेवढी हवा सोडतो त्यातली निदान 70 टक्के पहिल्या सेकंदात निघावी लागते. आईची 52 निघाली, तीही औषध ओढल्यावर.

तोवर दोन वर्षं आमचा दादा "वयाचा दम आहे" म्हणत होता. आईचं वय 58! औषध ओढायचा पंप (इनहेलर) सुरू झाला तर म्हणे, त्याची सवय लागते. स्वतः रोज चहाआधी बीपीची गोळी घेतो, तिची लागत नाही. पुतणीच्या हळदीला त्याने पंप कपाटात ठेवायला लावला, पाहुणे काय म्हणतील म्हणून. अंगणात बंब पेटलेला, सगळीकडे धूर. रात्री आई सापडली कोठीच्या खोलीत, गव्हाच्या पोत्यावर. दोन्ही हात गुडघ्यांवर, ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडत होती.

ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. पुढे फिजिओथेरपीवाल्या बाईंनी नेमकं तेच शिकवलं. या आजारात हवा आत जाते, बाहेर निघत नाही. सोडताना नळ्या मिटतात. चंबूमुळे आत दाब राहतो, नळ्या जरा जास्त वेळ उघड्या राहतात. छाती भरून घ्या, थोडाच श्वास सोडा, पुन्हा घ्या. असं चारदा केलंत की आईला काय होतं ते कळेल.

रात्री दीड वाजता गाडी काढावी लागली. दादा त्यानंतर पंपाबद्दल बोलत नाही. चुकलं असंही म्हणत नाही.

तेव्हा पंप लपवू नका. त्यात स्टेरॉइड असलं तरी मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, गोळीसारखी मिलिग्रॅममध्ये नाही. ओढल्यावर चूळ भरायची. आणि गॅस आला तरी परसात आंघोळीचं पाणी चुलीवर तापत असेल तर ते आधी बंद करा.

मी डॉक्टर नाही, शाळेत गणित शिकवते. औषध तुमच्या डॉक्टरांना विचारूनच. घरी ऑक्सिजन लागलाच तर काटा मनाने वाढवू नका. या आजाराच्या बऱ्याच पेशंटचा रक्तातला ऑक्सिजन 88 ते 92 टक्क्यांच्या दरम्यानच ठेवतात, जास्तही घातक.

तुमच्याकडे "सवय लागते" म्हणणारा कोण आहे? त्याला हे वाचायला द्या. मी दादाला पाठवलंय. निळ्या खुणा झाल्यात, उत्तर नाही.