बायोप्सीच्या तुकड्यातली जीन्स

प्रश्न: बाबा ६८ वर्षांचे, प्रोस्टेटचा कॅन्सर, पीएसए (प्रोस्टेटसाठीच्या रक्ततपासणीचा आकडा) ७.२, बायोप्सीत ग्लीसन (कॅन्सर किती आक्रमक दिसतो त्याची श्रेणी) ३+३, म्हणजे सौम्य. डॉक्टर म्हणतात थांबूया, भाऊ म्हणतो जीन टेस्ट करा. कॅन्सर वाढणार का ते कळतं त्यात? (वाचक, फोंडा)

उत्तर: अंदाज कळतो, भविष्य नाही. डिसायफर नावाच्या टेस्टमध्ये बायोप्सीच्याच तुकड्यातल्या २२ जीन्सचं आरएनए (कुठलं जीन किती काम करतंय ते दाखवणारा रेणू) मोजतात आणि ० ते १ मधला स्कोअर देतात, जितका जास्त तितका पसरायचा धोका जास्त. तुकडा आधीचाच, म्हणजे परत सुई टोचायला नको, फक्त तो जपून ठेवलेला मेणाचा ब्लॉक लॅबकडून मागून ठेवा. पण ३+३ ला बहुतेकदा नुसती नजर ठेवणं पुरतं, टेस्ट महाग, आणि रिझल्ट काहीही आला तरी थांबणारच असाल तर कशाला? आजीला, आत्याला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर होता का? असेल तर आधी बीआरसीए२ या जीनमधल्या आनुवंशिक दोषासाठी बाबांचं रक्त तपासा, तो दोष असला तर आजार जास्त आक्रमक निघू शकतो. आणि पीएसएच्या आधी दोन दिवस बाबांची सायकल बंद, उगाच आकडा चढू शकतो.