फड पद्धतीवरच्या इंग्रजी पुस्तकासाठी लिटररी एजंट कसा शोधावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालात, धुळे भागातल्या फड पद्धतीवर, म्हणजे गावाने मिळून पाणी वाटून घ्यायच्या जुन्या सिंचन पद्धतीवर, इंग्रजीत पुस्तक लिहिताय, निम्मं झालंय. पूर्ण करून मग एजंट शोधावा की आत्ताच? आणि एका एजन्सीने वाचनासाठी 15 हजार रुपये मागितलेत, ते द्यावेत का?

आधी पैशांचं. देऊ नका. एजंट लेखकाच्या वतीने पुस्तक प्रकाशकाला विकून देतो आणि त्याची कमाई कमिशनवर असते. पुस्तक प्रकाशकाला विकलं गेलं, लेखकाला आगाऊ रक्कम आणि पुढे रॉयल्टी मिळाली, की त्यातले साधारण 15 टक्के तो घेतो. परदेशातले हक्क विकले तर 20 च्या आसपास. वाचायलाच पैसे मिळाले तर पुस्तक विकण्यासाठी धडपडायचं कारण काय उरलं? अमेरिकेतल्या एजंटांच्या संघटनेत तर सदस्यांना वाचन शुल्क घ्यायला मनाई आहे. आपल्याकडे काही जण उघडपणे घेतात, तरी माझं मत तेच आहे.

आता पुस्तकाचं. कादंबरी पूर्ण लिहूनच पाठवावी लागते, नॉनफिक्शनचं तसं नाही. ते विकलं जातं प्रपोजलवर. मी अशी प्रपोजलं वाचायचं आणि दुरुस्त करायचं काम करते, म्हणून खात्रीने सांगते की निम्मं पुस्तक हातात असताना एजंट शोधायला काहीच हरकत नाही. प्रपोजलमध्ये पुस्तकाचा गाभा सांगणारी दोन-तीन पानं, तुमची ओळख, वाचक कोण, याच्या आसपासची अलीकडची पुस्तकं, प्रत्येक प्रकरणाचा परिच्छेदभर गोषवारा आणि एक-दोन पूर्ण लिहिलेली प्रकरणं असतात. खरा कस लागतो तो पहिल्या पानावर.

तुम्ही प्रश्नात पुस्तकाचं वर्णन असं केलंय: 'महाराष्ट्रातील पारंपरिक सिंचन पद्धतींचा सर्वंकष आढावा.' हे वाक्य शासकीय अहवालाचं आहे. एजंट इथेच मेल बंद करेल, आणि मला त्याचं वाईट वाटेल, कारण विषय फार मोलाचा आहे. त्याऐवजी असं काही लिहून बघा: 'पांझरा नदीकाठच्या गावांनी कित्येक पिढ्या पाणी आपापसात वाटून घेतलं. शिवाराचे फड, म्हणजे भाग, पाडले, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं ठरवलं. पाणी कमी असेल त्या वर्षी कुठले फड भिजवायचे तेही मिळून ठरवलं. पाटकरी पाणी सोडायचा, जागल्या पिकावर आणि पाण्यावर नजर ठेवायचा. हे इतकी वर्षं कसं टिकलं, आणि कशाने मोडलं?' यात माणसं आहेत, नदीचं नाव आहे, आणि पुढचं पान उलटायला लावणारा प्रश्न आहे. 'सर्वंकष' हा शब्द संपूर्ण प्रपोजलमधून काढून टाका.

तुमची ओळख लिहिताना पदांची यादी नको. खात्यात असताना ज्या पाटकऱ्यांशी बोललात, ज्या बंधाऱ्यांवर स्वतः उभे राहिलात, ते लिहा. हे पुस्तक दुसऱ्या कुणाला का लिहिता येणार नाही, एवढंच एजंटला समजून घ्यायचं असतं. आणि 'या विषयावर एकही पुस्तक नाही' असं कृपया लिहू नका. त्याचा अर्थ तो 'या विषयाला गिऱ्हाईक नाही' असा लावतो. पाणी, शेती, गावगाडा यांवर गेल्या चार-पाच वर्षांत सर्वसामान्य वाचकांसाठी आलेली तीन-चार इंग्रजी पुस्तकं सांगा आणि तुमचं त्यांच्याहून वेगळं कसं ते दोन ओळींत मांडा.

एजंट शोधायची सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे हीच पुस्तकं. त्यांची ऋणनिर्देशाची पानं वाचा. लेखक तिथे एजंटचे नाव घेऊन आभार मानतात. त्यातून जी पाच-सहा नावं निघतील ती तुमच्या कामाची. आपल्याकडे जयपूरची सियाही, दिल्लीची रायटर्स साइड, अ सूटेबल एजन्सी अशा एजन्सी आहेत. प्रत्येकीच्या वेबसाइटवर सध्या काय मागवतात ते वाचूनच पाठवा. मेल एका पानाची, नाव नीट लिहिलेली, आणि त्या एजंटलाच का पाठवताय याचं एक खरं कारण असलेली. एकाच वेळी चार-पाच जणांना पाठवलं तर चालतं, फक्त तसं मेलमध्ये सांगा. दोन महिन्यांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा, मग पुढचं नाव घ्या. लंडन-न्यूयॉर्कच्या एजंटांमागे या पुस्तकासाठी लागू नये असं मला वाटतं. तुमचा पहिला वाचक इथला आहे.

भारतात इंग्रजीसाठीही एजंट असलाच पाहिजे असं नाही. काही प्रकाशक थेट प्रपोजल घेतात, विशेषतः अभ्यासपूर्ण पुस्तकं काढणारे. शिवाय न्यू इंडिया फाउंडेशन स्वतंत्र भारताशी संबंधित नॉनफिक्शन लिहिण्यासाठी फेलोशिप देतं. तुमच्या पुस्तकात 1947 नंतरचा भाग, म्हणजे अक्कलपाड्यासारखी धरणं आल्यावर फडांचं काय झालं हा भाग, भक्कम असेल तर तिथे जरूर अर्ज करा. तो भाग मला तसाही पुस्तकाचा कणा वाटतो.

मराठी आवृत्तीसाठी एजंटच्या फंदात पडू नका. मराठीत लेखक थेट प्रकाशकाला लिहितो. राजहंस, मनोविकास, रोहन, समकालीन यांच्या याद्या चाळा, तुमच्या विषयाच्या जवळची पुस्तकं कोण काढतं ते कळेल. एक पानी टिपण आणि दोन प्रकरणं पाठवा.

त्यासाठी मराठीचे हक्क तुमच्याकडेच राहायला हवेत, म्हणूनच इंग्रजीचा करार करताना डोळ्यांत तेल घालून वाचा. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 19 प्रमाणे हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांसाठी दिले असं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते. पण छापील करारात बहुतेक वेळा दोन्ही लिहिलेलं असतं, आणि सोबत 'सर्व भाषांचे हक्क' असंही असतं. एजंटच्या आणि प्रकाशकाच्या, दोन्ही करारांत तिथे 'मराठी वगळून' असं सही करण्याआधी घालून घ्या.