आयकॅनच्या कामात उतरण्यापूर्वी

इंटरनेटवरच्या नावांचा आणि पत्त्यांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन (ICANN) या संस्थेच्या कामात उतरायचं ठरवलंस, तर आधी तिचे उपविधी, म्हणजे कारभाराचे नियम, वाच. मुख्य कार्यकारी अधिकारी वगळता संचालक मंडळावर पाचही भौगोलिक प्रदेशांतून किमान एक जण हवा आणि एका प्रदेशाचे पाचाहून जास्त नकोत, हे तिथेच लिहिलंय. पण आशिया, ऑस्ट्रेलिया आणि पॅसिफिक मिळून एकच प्रदेश! भारत-चीनपासून चिमुकल्या बेटांपर्यंत सगळे त्यातच. म्हणून नुसती डोकी मोजू नकोस. कोण कोणासाठी बोलतंय ते बघ. २०१६ पासून तिथल्या सहभागी गटांनी मिळून बनलेल्या ‘सक्षम समुदाया’ला (Empowered Community) अर्थसंकल्प नाकारण्याचा, संचालकांना हटवण्याचाही अधिकार आहे. हे अधिकार वापरायच्या मुदती मात्र पक्क्या असतात, त्या टिपून ठेव. मसुद्यावर सूचना मागवल्या की दोन परिच्छेद का होईना, लिहीच. दखल घेतली नाही, तर पुढच्या सभेत थेट माइकवर जाऊन कारण विचार.